पथक कोणाचे? स्काउट-गाईडच्या कामातील मोठ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी निवडलेली पत्रे भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या पथकांत काम करणाऱ्या मोठ्या माणसांची आहेत. त्यांत शाळेने जबाबदारी सोपवलेले शिक्षक आहेत, शाळेशी न जोडलेल्या खुल्या पथकांना आपली संध्याकाळ देणारे नोकरदार आहेत आणि मुलांना सोडायला-आणायला येता येता या कामात गुंतलेले पालकही आहेत. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच वाद दिसतो: मुलांचे काम कोठे संपते आणि मोठ्यांचे कोठे सुरू होते.

प्रश्न: मेळाव्यात प्रत्येक पथकाने बांबूंचे प्रवेशद्वार उभारायचे असते. गुण मुलांच्या कामाला असतात, पण बहुतेक ठिकाणी रात्री उशिरापर्यंत शिक्षकच दोर आवळत असतात आणि मुले बांबू धरून उभी असतात. या वर्षी मी मुलांनाच बांधू दिले. द्वार थोडे कलले, आमचा क्रमांक घसरला आणि मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर नाराजी व्यक्त केली. सहकारी म्हणतात, "मुले लहान आहेत, शाळेचे नाव जाते." पुढच्या वर्षी काय करावे?
एक स्काउटमास्तर, सातारा जिल्हा

उत्तर: पुढच्या वर्षीही द्वार मुलांनीच बांधावे. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्यांनी आलेल्या मुलांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला त्यातलाच एक थोडा मोठा मुलगा नायक म्हणून दिला आणि संघाच्या कामाची व वागणुकीची जबाबदारी त्या नायकावर टाकली. त्या शिबिरात संपन्न घरांतली मुले होती आणि कष्टकरी घरांतलीही होती, आणि नायकपणाचे ओझे मुलांच्या खांद्यावर ठेवून ते पार पडले. आज आपल्या पथकात सहा ते आठ जणांचा संघ आणि त्याचा संघनायक असतो, त्याचे मूळ तेथे आहे. ही संघ पद्धती काढून घेतली तर आपल्याजवळ गणवेश घातलेला कवायतीचा वर्ग तेवढा उरतो, आणि तो घेण्यासाठी वेगळ्या चळवळीची काहीच गरज नव्हती.

आता द्वाराकडे वळू. द्वार कलते ते मेळाव्याच्या दिवशी, पण त्याचे कारण आधीच्या महिन्यांत असते. स्क्वेअर लॅशिंगचेच, म्हणजे काटकोनात टेकवलेले दोन बांबू दोराने बांधण्याचेच, उदाहरण घ्या. उभ्या बांबूवर, आडवा बांबू जेथे टेकणार त्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच ही गाठ मारून सुरुवात करायची, दोन्ही बांबूंना कवेत घेणारे तीन फेरे घालायचे, नंतर दोन बांबूंच्या मधून त्या फेऱ्यांवरच दोन आवळफेरे द्यायचे आणि आडव्या बांबूवर पुन्हा क्लोव्ह हिचने शेवट करायचा. हा क्रम मुले एका बैठकीत पाठ करतात. त्यांचे अडते ते ताणात. प्रत्येक फेरा घालतानाच आवळावा लागतो, सगळे फेरे घालून झाल्यावर शेवटी ओढून काही होत नाही, आणि नेमके हेच मुलांना कोणी सांगितलेले नसते. दोराच्या मोकळ्या टोकाला हातभर काठी गुंडाळून ती दोन्ही हातांनी ओढायला शिकवले, तर सहावीतला मुलगाही पुरेसा ताण देतो. सरावाला तागाचा किंवा सुती दोर द्यावा, कारण नायलॉन गुळगुळीत बांबूवर घसरतो आणि मग मुलांना वाटते की आपल्यालाच जमत नाही. हा सराव शाळा सुरू झाल्यापासून दर आठवड्याच्या सभेत थोडा थोडा झाला, तर मेळाव्याच्या मैदानावर शिक्षकाला दोराला हात लावण्याची वेळ येत नाही.

त्या दिवशी मोठ्यांना काम नसते असे मात्र मुळीच नाही. बांबूच्या चिरफळ्या निघालेल्या टोकांमुळे हात कापतात, ती टोके आधी पाहून घ्यावीत. द्वाराची उंची किती असावी याची मर्यादा आपण घालावी, पुरलेले बांबू हलवून पाहावेत, ताणदोर व खुंट्या स्वतः तपासाव्यात आणि अर्धवट बांधलेल्या द्वारावर कोणी चढणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावे. एखादा सांधा ढिला दिसला तर संघनायकाला बोलावून तो दाखवावा आणि बाजूला व्हावे. तो सांधा आपण सोडून पुन्हा बांधला की त्या मुलाने तीन महिने शिकलेले सारे त्या क्षणी रद्द होते.

मुख्याध्यापकांशी एकट्याने बोलावे, तेही मेळावा जवळ येण्यापूर्वी, आणि त्यांना एखाद्या सरावाला बोलवावे. मुलांच्या हातून द्वार उभे राहताना पाहिलेला माणूस क्रमांकाबद्दल निदान वेगळ्या सुरात बोलतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, परीक्षकांनी तयार द्वार पाहून गुण देऊ नयेत, तर संघातल्या कोणत्याही एका मुलाला बोलावून एक सांधा नव्याने बांधायला सांगावा, अशी लेखी सूचना जिल्ह्याच्या नियोजन बैठकीत आपण मांडावी. आपल्यासारखे आणखी दोन-तीन स्काउटमास्तर त्या पत्रावर सही करतील अशी मला खात्री वाटते, कारण रात्रभर दोर आवळणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकांना ते काम मनापासून नको असते.

प्रश्न: आमच्याकडे संघनायिका वर्गशिक्षिका ठरवतात आणि त्या नेहमी पहिल्या पाच क्रमांकांतल्या मुली असतात. बाकीच्या मुली त्यांचे ऐकत नाहीत. मी निवडणूक घ्यावी का?
एक गाईड कॅप्टन, नाशिक

उत्तर: निवडणूक हा शब्द मी टाळेन, कारण शाळेत तो उच्चारला की गट पडतात. त्याऐवजी प्रत्येक संघातल्या मुलींना काही आठवडे आळीपाळीने नेतृत्व करू द्यावे आणि मग संघातल्या मुलींशी बोलून, आपणही आपले मत सांगून, नायिका ठरवावी. हुशार मुलगी चांगली नायिका होऊ शकते, परंतु गणिताच्या गुणांवरून ते कळत नाही. हाईकवर शेवटी चालणाऱ्या मुलीसाठी कोण थांबते, हे पाहिले की बरेच काही कळते.

नायिका ठरल्यावर त्यांची मानसभा, म्हणजे पथकाचे निर्णय घेणारी नायिकांची बैठक (कोर्ट ऑफ ऑनर), नियमित भरवावी. बहुतेक पथकांत ती केवळ नोंदवहीत भरते, आणि मुली नायिकांचे ऐकत नाहीत याचे मोठे कारण मला येथे दिसते: जिला काहीच ठरवता येत नाही तिचे कोणी का ऐकावे? मानसभेत आपण सल्लागार म्हणून बसावे, अध्यक्षपद मुलीकडे असावे आणि आरंभी सभेसमोर खरोखरच त्यांना ठरवता येतील असे विषय ठेवावेत, जसे की पुढच्या हाईकची जागा, जेवणाचा बेत, शेकोटीच्या कार्यक्रमात कोणत्या संघाने काय करायचे. आणि ठरलेले आपण बदलू नये, आपल्याला आवडले नाही तरीही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा मात्र स्पष्टपणे "नाही" म्हणावे आणि कारण सांगावे.

प्रश्न: खरी कमाईच्या, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याच्या, दिवशी आमच्या शाळेत खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात. पदार्थ आया घरून करून देतात, साहित्याचा खर्च त्याच करतात आणि विक्रीची सगळी रक्कम "कमाई" म्हणून फळ्यावर लिहिली जाते. मला हे खटकते, पण पालकांना ते बोलून दाखवले तर त्यांचा उत्साह जाईल असे सहकाऱ्यांना वाटते.
एक शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: आपल्याला खटकते ते योग्यच आहे. साहित्याला 600 रुपये लागले आणि विक्री 900 झाली तर कमाई 300 रुपयांची झाली, आणि हा हिशेब मुलांनी स्वतः मांडणे हा या उपक्रमाचा गाभा आहे. पालकांना नाराज करण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच सांगावे की साहित्यासाठी त्यांनी पैसे उसने द्यावेत आणि विक्रीनंतर मुलांकडून ते मोजून परत घ्यावेत. पदार्थही असे निवडावेत की जे मुले स्वतः करू शकतील: भेळ, लिंबू सरबत, ताक, काकडी-कोशिंबीर. गरम तेलातले वडे-भजी पुढच्या वयासाठी ठेवावेत. पदार्थांऐवजी कामही विकता येते. सायकली पुसून देणे, वह्या-पुस्तकांना कव्हर घालणे, कुंड्या भरून देणे यांतून मिळालेले पैसे थोडे असतात, पण त्यात आईचा वाटा शून्य असतो.

प्रश्न: राज्य पुरस्काराच्या तयारीत असलेल्या काही मुलांच्या नोंदवह्यांवर माझ्या सहकाऱ्याने चाचणी न घेताच सह्या केल्या आहेत. तो वयाने मोठा आहे आणि म्हणतो, "मुलांचे नुकसान कशाला करायचे?" मी गप्प बसावे का?
नाव न छापण्याच्या विनंतीसह, विदर्भ

उत्तर: गप्प बसू नये. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार ही चढण मुलांच्या अंगी काही यावे म्हणून आखलेली आहे. स्काउट विश्वसनीय असतो, हा आपल्या नऊ नियमांतला पहिला नियम आहे आणि खोट्या सहीच्या वहीवर तो मुलगा स्वतःच नियमाविरुद्ध उभा राहतो. त्याला तेथे उभे करणारे मोठे असतात.

यात केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. एक जाड आणि एक बारीक दोर जोडायला सांगितले की चाचणी न दिलेला मुलगा रीफ नॉट मारतो, ती ताणाखाली निसटते, आणि तेथे शीट बेंडच हवी हे त्याला ठाऊक नसते. बोलाइन या गाठीचा फास आवळत नाही, म्हणून माणसाच्या कमरेभोवती तीच बांधायची. त्याऐवजी सरकफास बांधला तर ओढताना माणूस गुदमरतो. उद्या पुराच्या पाण्याजवळ "मला येते" म्हणून पुढे होणारा मुलगा हाच असेल.

सहकाऱ्याशी आधी खाजगीत आणि आदराने बोलावे. त्यांची सही खोडायला सांगू नये. त्या मुलांसाठी एक दिवस ठेवून राहिलेल्या चाचण्या दोघांनी मिळून घेऊ, असा प्रस्ताव द्यावा. बहुतेक वेळा वेळेअभावी हे घडलेले असते आणि मदतीचा हात पुढे आला की माणूस तो धरतो. तरीही त्यांनी नकार दिला, तर वरिष्ठांना लेखी कळवणे आपले कर्तव्य आहे, मग वयाचा मान कितीही असो.

प्रश्न: आमच्या खुल्या पथकाच्या निवासी शिबिरात यंदा पालकांनी आचारी ठेवण्याचा आग्रह धरला. कारण एकच, चुलीवर मुले भाजतील. पथकातल्या मोठ्यांमध्येच दोन तट पडले आहेत. आपले मत काय?
एक स्वयंसेवक, पुणे

उत्तर: पालकांची भीती रास्त आहे आणि उपाय चुकीचा आहे. संघाने आपला स्वयंपाक आपण करणे हा शिबिराचा आत्मा आहे, कारण दिवसभरात दुसरे कोणतेच काम सगळ्या संघाला इतका वेळ एकमेकांवर अवलंबून ठेवत नाही. लाकडे कोणी आणायची, पाणी कोणी भरायचे, भाताला आधण आले का हे कोणी पाहायचे, आणि भात लागला तर तो कोणाचा दोष न धरता सगळ्यांनी कसा खायचा, हे आचारी ठेवला की एका फटक्यात संपते.

म्हणून पालकांना बैठकीला बोलावून आपण काय काळजी घेणार ते सविस्तर सांगावे. प्रत्येक संघाच्या चुलीसाठी वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडायची, भोवतालचे वाळले गवत काढून टाकायचे, चुलीशेजारी पाण्याची एक आणि वाळूची एक बादली भरूनच आग पेटवायची. गळ्यातला स्कार्फ आग पेटवण्याआधी काढून ठेवायचा, लांब केस बांधायचे, नायलॉनचे सैल कपडे चुलीपाशी चालणार नाहीत. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून आग पेटवायची नाही. वाळकी काटकी, नारळाची शेंडी आणि थोडा धीर यांवर आग पेटते. दोन चुलींवर लक्ष ठेवणारा एक मोठा माणूस असावा, त्याने पळी हातात घेऊ नये आणि जागाही सोडू नये. भाजलेच तर भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली निदान दहा-वीस मिनिटे धरायचा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचे नाही, फोड फोडायचे नाहीत, आणि जखम मोठी किंवा चेहऱ्यावर असेल तर थेट दवाखाना गाठायचा. जवळचा दवाखाना कोठे आहे आणि तेथे नेणारी गाडी कोणाची, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.

एवढे ऐकल्यावर बहुतेक पालक मान्य करतात. तरीही कोणाचे मन तयार नसेल तर पहिल्या दिवशी बेत सोपा ठेवावा: मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि कांदा. पातेल्याला बाहेरून माती-राखेचा लेप द्यायला मुलांना शिकवावे, म्हणजे काजळी लेपाबरोबर निघते आणि भांडी घासताना भांडणे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी बिनभांड्यांचा स्वयंपाक ठेवता येतो. केळीच्या पानात थापलेली पानगी निखाऱ्यावर भाजली गेली की ज्या मुलाला घरी कोणी गॅसजवळ फिरकू दिलेले नसते तोच ती सगळ्यांना वाटत फिरतो. पालकांनी हे पाहायला शेवटच्या जेवणाला यावे, मात्र पंक्तीत बसावे, चुलीकडे जाऊ नये.

प्रश्न: शिबिरातले फोटो आमचे मार्गदर्शक लगेच व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, कधी मुली तंबूत झोपलेल्या असतात तेव्हाचेही. मी आक्षेप घेतला तर "तुम्ही संशय घेता" असे ऐकावे लागले. शिवाय मुलांच्या तंबूत रात्री तपासणीला एकच पुरुष शिक्षक जातो. नियम नेमके काय असावेत?
एक महिला स्वयंसेविका, रायगड जिल्हा

उत्तर: आपला आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न येत नाही. नियम सर्वांना लागू असले की प्रामाणिक माणसाचेही रक्षण होते. जागतिक स्काउट संघटनेने या विषयासाठी "सेफ फ्रॉम हार्म" नावाचे धोरण आखले आहे आणि शिबिरातल्या मोठ्यांसाठी त्याचा व्यवहारातला अर्थ असा घ्यावा की कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटा राहणार नाही. रात्रीच्या तपासणीला दोघांनी जावे, मुलींच्या तंबूंकडे महिलांनीच जावे, आणि तंबूबाहेरून हाक देऊन विचारावे. मोठ्यांचे तंबू वेगळे, पण हाकेच्या अंतरावर असावेत. स्नानाची व्यवस्था आडोशाची असावी आणि मोठ्यांची वेळ वेगळी ठेवावी.

फोटोंसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. झोपलेल्या, कपडे बदलणाऱ्या, आजारी किंवा रडणाऱ्या मुलाचा फोटो संमती असली तरी काढू नये. फोटो काढणारी एकच व्यक्ती नेमावी, आणि ते शिबिर संपल्यावर, निवडून, मुलांची पूर्ण नावे न देता पाठवावेत.

एक गोष्ट सर्व वाचकांनी लक्षात ठेवावी. 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते त्याच्यावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. "आधी आपण संस्थेत चौकशी करू, नाव खराब होईल" असे सांगणाऱ्या सहकाऱ्याचे ऐकू नये. मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, त्याने सांगितले ते बरे केले असे म्हणावे, खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. बालकांसाठी 1098 ही मदतवाहिनीही आहे. मुलाचे नाव व ओळख गटावर, बैठकीत किंवा वर्तमानपत्रात कोठेही जाता कामा नये.

प्रश्न: सात नोव्हेंबरच्या झेंडा दिनाला आमची मुले फक्त ध्वजचिन्हे विकतात आणि सगळा दिवस पैसे मोजण्यात जातो. आणखी काय करता येईल?
एक कब मास्तर, सोलापूर

उत्तर: विक्री आठवडाभर आधी उरकावी आणि तो दिवस मोकळा ठेवावा. 7 नोव्हेंबर 1950 रोजी देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्सची स्थापना झाली, आणि गर्ल गाईड्स पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला तिच्यात आल्या. तेव्हा शेजारच्या शाळेच्या पथकाबरोबर एकत्र खेळ आणि एकत्र शेकोटी ठेवली, तर कबच्या, म्हणजे लहान वयाच्या, मुलांना तो दिवस भाषणाशिवाय कळेल.

प्रश्न: माझी मुलगी ज्या पथकात आहे त्यातच मला सहायक गाईडर म्हणून काम करण्याविषयी विचारले आहे. मुलीला ते फारसे आवडलेले दिसत नाही. हो म्हणावे का?
एक आई, कोल्हापूर

उत्तर: आधी मुलीशी बोलावे आणि तिच्या मनात काय आहे ते ऐकावे. पथक ही कदाचित तिची अशी एकमेव जागा असेल जेथे ती कोणाची मुलगी म्हणून ओळखली जात नाही. तिचा ठाम नकार असेल तर आपण लहान मुलींच्या बुलबुल गटात किंवा शेजारच्या पथकात काम मागावे. स्वयंसेवकांची गरज सगळीकडेच आहे. ती तयार झाली तर काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्याव्यात. तिची कोणतीही चाचणी आपण घ्यायची नाही आणि तिच्या वहीवर सही करायची नाही. तिच्या संघाची जबाबदारी दुसऱ्या गाईडरने घ्यावी. सभेत ती इतर मुलींप्रमाणेच आपल्याला "मॅडम" किंवा "ताई" म्हणेल. आणि सभेहून घरी जाताना आज तिचे काय चुकले याविषयी रस्त्यात काहीही बोलू नये, तिने स्वतः विषय काढला तर गोष्ट वेगळी. मार्गदर्शकांसाठीचा पहिला बेसिक कोर्स करून घ्या, आणि चार-सहा महिन्यांनी तिला पुन्हा एकदा विचारा.